मिनाचं ऊन आणि न आलेली बस

सलीम,

लोक तुला नशीबवान म्हणतायत. घरी येणारी प्रत्येक बाई माझा हात हातात घेते आणि हेच म्हणते. हजमध्ये मौत आली, पाक जमिनीत जागा मिळाली, याहून मोठं नशीब कुणाचं असतं. त्यांचा हेतू चांगला आहे, म्हणून मी मान हलवते आणि चहा ठेवायला उठते. पण मशिदीत तुझ्यासाठी दुआ ठेवली होती, त्या दिवशी आपल्या ग्रुप लीडरनंही माइक हातात घेऊन हेच सांगितलं. सलीमभाईंना अल्लाहनं बोलावून घेतलं, आपण सगळ्यांनी अशीच मौत मागावी, म्हणाला. आयेशा बायकांच्या खोलीत बसून स्पीकरवर ऐकत होती. घरी आली ती बूट न काढता जिन्याच्या पायरीवर बसली.

"अम्मी, तो माणूस खोटं बोलली," ती म्हणाली. "अब्बाला अल्लाहनी नाही बोलवला. बस नाही आला म्हणून झाला ना सगळं?"

तिचं मराठी तू लगेच दुरुस्त केलं असतंस. मी केलं नाही. मला त्यात काही चुकलेलं दिसलं नाही.

त्या माणसाचं नाव मी इथं लिहिणार नाही. तुझ्याशी बोलताना ते मधे नको. मी इद्दतीत आहे, नवरा गेल्यावरचे हे घरात बसण्याचे महिने. फार्मसीतून रजा घेतलीय. इंग्लंडातल्या या रीडिंग गावाचं आकाश खिडकीतून जेवढं दिसतं तेवढं बघते. सगळे म्हणतात, सबर कर. या घरात बसून मी जे करते त्याला सबर म्हणत नाहीत, सलीम. मी बदला घेते.

तुला हा शब्द आवडणार नाही. पण आपण घरात भांडायचो मराठीतच. दुआ उर्दूत, ऑफिस इंग्रजीत आणि भांडण मराठीत. त्यामुळे हेही मराठीतच सांगते.

रमजान संपला की दर रविवारी मशिदीच्या वरच्या खोलीत आपला वर्ग भरायचा. हजला जाणारी माणसं सतरंजीवर, गुडघे दुखणारी खुर्च्यांवर. तू उभा राहून सुरुवातीलाच सांगायचास, "हज कसा करायचा ते इमामसाहेब सांगतील. तो करताना पाय कसे वाचवायचे ते मी सांगतो." तू आधी एकदा अम्मींना घेऊन हजला जाऊन आला होतास, तेव्हा जे जे हाल झाले ते सगळे तू त्या खोलीत ओतायचास. नव्या चपला घालून विमानात बसू नका, महिनाभर आधी घाला, पाठीवर सामान घेऊन नदीकाठी चाला, पाऊस असला तरी चाला. जांघेत व्हॅसलीन लावा, बिनवासाचं. हे तू सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलायचास आणि पुरुषांच्या बाजूला हशा पिकायचा. तंबूचा नंबर फोनमध्ये ठेवा, पण गळ्यातल्या कार्डावरही लिहा, कारण फोन बंद पडतो. गर्दीत एकमेकांना शोधत फिरू नका, भेटायची जागा आधी ठरवा. छत्री पांढरी घ्या. मानेवर ओलं फडकं ठेवा. तहान लागायची वाट बघू नका, घोटघोट पीत राहा आणि लघवीचा रंग बघत जा. हे ऐकून खालाजान मंडळी पदरात तोंड लपवायच्या आणि दुसऱ्या रविवारी त्याच येऊन हळूच विचारायच्या, रंग नक्की कसा असावा.

माझ्याकडे औषधं होती. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या अंगातलं पाणी काढतात, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरला विचारा की एवढ्या उन्हात डोस तोच ठेवायचा का. इन्सुलिन थंड पिशवीत ठेवा. औषधं हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसह. आणि कुणाचं बोलणं विस्कटायला लागलं, तो भलतंच काही बोलू लागला, तर तो दमलाय असं समजू नका. त्याला ऊन लागलंय. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, मदत बोलवा. हे मी दरवर्षी सांगायचे.

इहराम कसा बांधायचा ते दाखवताना तू जीन्सवरच ती पांढरी चादर गुंडाळायचास आणि एका वर्षी ती सगळ्यांसमोर सुटून खाली पडली. तू शांतपणे म्हणालास, "असं होऊ नये म्हणून पट्टा." मी भिंतीकडे तोंड करून इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तुझं ते न लाजणं मला लग्नाच्या आधीपासून आवडायचं. साताऱ्याला मला बघायला आलास तेव्हाही बशीत चहा ओतून प्यायलास, माझे मामा बघत होते तरी.

एक वाक्य तू प्रत्येक वर्गात सांगायचास. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना सांगायचास की शैतानाला खडे मारायला स्वतः गेलंच पाहिजे असं नाही. "खडे तुमच्या वतीनं दुसरा मारू शकतो. श्वास तुमच्या वतीनं दुसरा घेऊ शकत नाही."

मग या वर्षी माझा पहिला हज ठरला आणि तू या माणसाबरोबर जायचं म्हणालास. एम-फोर हायवेवर गाडी चालवत होतास. मी म्हणाले, "तो गेल्या वर्षी लोकांना एअरपोर्टवर ताटकळत ठेवून गेला होता. दुसरं कुणी बघ."

"गावचा माणूस आहे, नसरीन."

"गावचा आहे हे कारण नाही झालं."

"इब्राहीमचाचा त्याच्याबरोबर चाललेत. अजून दोन-चार म्हातारी आहेत. ती गावचा म्हणूनच चाललीत. त्यांच्याबरोबर कुणीतरी नको का?"

इब्राहीमचाचा म्हणजे जवळच्या स्लाऊचे, बायको गेल्यापासून एकटे राहणारे, गुडघ्यांनी अधू. तुझ्याकडून फोन लावून घ्यायचे, कौन्सिलची पत्रं वाचून घ्यायचे. तू त्यांच्यासाठी चालला होतास. हे मला तेव्हा आवडलं होतं. आता त्याचाही राग येतो. तुझ्यावरही येतो, सांगून ठेवते.

मिनातल्या तंबूंच्या मुक्कामाचा तो शेवटचा दिवस मी कुणालाच पूर्ण सांगितलेला नाही. आयेशालाही नाही. तुला सांगते, कारण तुला त्यातलं शेवटचं ठाऊक नाही.

तंबूत सकाळीच लीडरनं सांगितलं, जोहरची नमाज झाल्या झाल्या सगळ्यांनी निघायचं, खडे मारायचे, पलीकडे मक्क्याच्या बाजूला बस उभी असेल, ती थेट हॉटेलला नेईल. मगरिबच्या, म्हणजे सूर्य मावळायच्या आत मिना सोडायला हवं. तू त्याला बाजूला घेतलंस. मी जवळच पिशवी भरत होते.

"भर दुपारी म्हाताऱ्यांना काढू नका," तू म्हणालास. "असर झाल्यावर, ऊन उतरलं की नेऊ. नाहीतर एक रात्र जास्त राहू. दोन्ही चालतं."

"हॉटेलवाला थांबणार नाही, सलीमभाई. आणि अफजल वेळ, सगळ्यात जास्त पुण्याची, हीच आहे."

"चाचांचे खडे मी मारतो. ते इथंच थांबतील."

"इथं कोण थांबणार त्यांच्याजवळ? तंबू रिकामा करायचाय. सगळे एकत्र निघतील."

मी पुढं झाले. मला त्या माणसाला तिथंच सगळ्यांसमोर विचारायचं होतं की घाई नक्की कसली आहे. तू माझ्या दंडाला हात लावलास. "हजमध्ये भांडायचं नाही, नसरीन." इतकंच म्हणालास. खरंच होतं ते. हजमध्ये वाद घालायचा नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी परत पिशवी भरायला लागले. हज कधीच संपला, सलीम. आता मला अडवणारं कुणी नाही.

आपण निघालो. तू चाचांची व्हीलचेअर ढकलत होतास. ऊन वरून येत नव्हतं, खालून येत होतं, सिमेंटमधून. खडे मारून झाले. पलीकडे उतरलो तर बस नव्हती. लीडर दिसला नाही. फोन लागेना. आपल्यातल्या एकानं सांगितलं, तो बायको-मुलांना घेऊन आधीच टॅक्सीनं गेला. मग कुणीतरी म्हणालं, चालत जाऊ, बोगद्यातून फार लांब नाही. म्हातारी माणसं तुझ्याकडे बघायला लागली. तुझी छत्री चाचांच्या हातात होती. तुझी बाटली तू कधी आपल्या मागून चालणाऱ्या बाईंना दिलीस ते मी पाहिलं नाही. नाहीतर हिसकावून घेतली असती.

बोगद्याच्या अलीकडे तू थांबलास. मला वाटलं, दम खातोयस. माझ्याकडे बघून म्हणालास, "आयेशाची शाळेची बस गेली का?"

मी दरवर्षी जे लोकांना सांगत आले ते माझ्या समोर उभं होतं. मी तुला भिंतीच्या सावलीत बसवलं, माझ्या बाटलीतलं पाणी तुझ्या डोक्यावर ओतलं, ओरडून माणसं बोलावली. स्काउटच्या पोरांनी पाण्याचे फवारे मारले, कुणीतरी बर्फ आणला. तुझं अंग तव्यासारखं होतं आणि घाम नव्हता. ॲम्ब्युलन्स आली. तू मला ओळखलंस की नाही, मला ठाऊक नाही. चाचा व्हीलचेअरवर बसून रडत होते आणि तुझी छत्री तुझ्यावर धरायला बघत होते, हात पोचत नव्हता तरी.

हॉस्पिटलात तू एक रात्र काढलीस. तिथल्या डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं, एक नर्स केरळची होती, ती माझ्याजवळ बसून राहिली. लीडर आला तेव्हा सगळं संपलं होतं. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आला होता. अत्तराचा वास येत होता. म्हणाला, "भाभी, अल्लाहची मर्जी."

मी त्याला विचारलं, "बस कुठे होती?"

"ट्रॅफिक होता भाभी. ड्रायव्हर अडकला."

त्या क्षणी मला कळलं की हा खोटं बोलतोय. पुरावा काही नव्हता. पण फार्मसीच्या काउंटरवर मी रोज माणसांची तोंडं बघते. गोळ्या वेळेवर घेतो म्हणून सांगणारी, न घेणारी तोंडं. तेच तोंड होतं.

तुझ्या जनाजाची नमाज हरममध्ये, काबाच्या मशिदीत झाली. तुला न ओळखणारे लोक तुझ्यासाठी उभे राहिले. हे मात्र मला सांगू दे की ते बघून माझ्या छातीवरचं काहीतरी थोडं हललं. तेवढ्यासाठी मी शुक्र करते. बाकीच्यासाठी नाही.

घरी आल्यावर मी पहिले काही आठवडे फक्त झोपले आणि उठले. मग एक दिवस आयेशानं फोन आणून दाखवला. लीडरनं डिसेंबरच्या सुट्टीतल्या उमराहची, मक्क्याच्या छोट्या यात्रेची जाहिरात टाकली होती. वर काबाचा फोटो, खाली लिहिलं होतं, वृद्धांची खास काळजी. मी ती जाहिरात वाचली, फोन खाली ठेवला, तोंड धुतलं आणि आयेशाला म्हणाले, "मला लॅपटॉप आणून दे."

मी आपला वर्ग सुरू केला. ऑनलाइन, कॅमेरा बंद ठेवून, घरातून. आधी आपल्या ओळखीची माणसं आली, मग साउथहॅम्प्टनची, लेस्टरची, कुठलीकुठली. तुझं पायांचं सगळं मी सांगितलं, तुझ्याच शब्दांत, व्हॅसलीनसकट. माझं औषधांचं सांगितलं. आणि एक नवा भाग जोडला. त्या भागाचं नाव मी ठेवलं, निघण्याआधी ग्रुप लीडरला काय विचारायचं.

बस कुठे उभी राहणार? तिचा ड्रायव्हर कोण, त्याचा नंबर तुमच्याकडे आहे का? लीडर आपल्याबरोबर चालणार की पुढं निघून जाणार? दुपारी नको, संध्याकाळी जाऊ म्हटलं तर चालेल का? नाही म्हणाला, तर का नाही? ज्याला चालता येत नाही त्याच्याजवळ तंबूत कोण थांबणार? उत्तर देताना तो "इन्शाअल्लाह, होऊन जाईल" म्हणाला, तर पुन्हा विचारा. पुन्हा तेच म्हणाला, तर दुसरा माणूस शोधा.

मी त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. गरजच नव्हती. लोक त्याला जाऊन एकेक प्रश्न विचारायला लागले. मशिदीच्या पार्किंगमध्ये, लग्नात, किराणा दुकानात. चाचा फोन करून मला सांगायचे, "बेटी, आज परत दोघांनी गाठलं त्याला. घाम पुसत होता." मी म्हणायचे, "पुसू दे." आणि फोन ठेवल्यावर मला बरं वाटायचं. तुझ्यापासून काय लपवू. नमाजेच्या चटईवर बसूनसुद्धा मी त्याला उन्हात उभा बघायचे. बाटली रिकामी, फोन लागत नाही, सावली रस्त्याच्या पलीकडे. एवढं बघून झालं की मग मी दुआ मागायचे.

डिसेंबरच्या ग्रुपमधली नावं गळायला लागली. कौन्सिलला मी आणि चाचांनी तक्रार दिली, आपल्याबरोबरच्या आणखी काहींनी दिली. मग एक दिवस दुपारी त्याची आई आली.

खालांना तू ओळखतोस. कुणाकडेही मयत झाली की पहिला बिर्याणीचा टोप त्यांच्याकडून येतो. आपल्याकडेही आलाच होता. त्या सोफ्याच्या कडेला बसल्या. मी चहा दिला.

"पोरगा झोपत नाही, नसरीन."

"झोपू नये त्यानं, खाला."

"दोन लहान लेकरं आहेत त्याला."

"माझीपण एक आहे."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, पण तितकंच. त्या म्हणाल्या, "मी त्याच्या वतीनं माफी मागते. तुझ्यापुढं पदर पसरते. आता थांब."

"तुमचं काहीच चुकलेलं नाही, तुम्हाला कसली माफी देऊ? ज्याचं आहे त्यानं यावं. आणि माफ करा म्हणण्याआधी काय केलं ते सांगावं."

"तू इद्दतीत आहेस. तो कसा येणार तुझ्यासमोर?"

"दाराबाहेर उभा राहील. मी आत. बोलायला तेवढं पुरतं."

त्या उठल्या. चहा तसाच राहिला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, ते मला सगळ्यात जड गेलं.

तो आला दुसऱ्या शुक्रवारी, जुम्म्यानंतर. आयेशा सिक्स्थ फॉर्ममधून घरी आली होती. मी दार थोडं उघडं ठेवलं आणि भिंतीच्या आडोशाला उभी राहिले. आयेशा माझ्या शेजारी, त्याला दिसेल अशी. बाहेर बारीक पाऊस होता. मी त्याला आत बोलावलं नाही.

"भाभी, जे काही झालं असेल त्यासाठी—"

"काय झालं ते सांगा."

"ट्रॅफिकमुळे—"

"दार लावू का?"

शेजारच्यांची गाडी आली, दार आपटलं, ते आत गेले. मग तो बोलला, इतक्या हळू की मला पुढं सरकावं लागलं.

"बस ठरवलीच नव्हती. वाटलं होतं, तिथं गेल्यावर मिळेल. नाही मिळाली. मग तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. म्हणून निघून गेलो. फोन मीच बंद केला होता."

आयेशानं माझा हात घट्ट धरला. मी इतके महिने हेच ऐकायची वाट बघत होते. मला वाटलं होतं, ऐकल्यावर काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही. फक्त पाऊस ऐकू येत होता.

"हे मशिदीत सांगणार?" मी विचारलं.

"सांगतो. आणि ग्रुप नेणं बंद करतो. उमराहचाही." मग म्हणाला, "माफ केलंत, भाभी?"

"नाही," मी म्हणाले.

तो गेल्याचा आवाज आला. आयेशानं दार लावलं. स्वयंपाकघरात गेली आणि अंडी फोडायला लागली, तू शिकवलेलं कांदा-मिरचीचं ऑम्लेट करायला. तिचं जरा करपलं. आम्ही दोघींनी खाल्लं.

त्यानं मशिदीत सांगितलं. चाचा म्हणाले, सगळं सांगितलं, मधे रडला. लोक आता त्याच्यावरच दया करायला लागलेत. मला निरोप येतात, आता सोड, तो तुटलाय. इमामसाहेबांच्या बायकोनं फोन करून हळूच आठवण करून दिली की माफ करणाऱ्याचा दर्जा मोठा असतो. मला ठाऊक आहे. मला हेही ठाऊक आहे की माणसानं माणसाचा हक्क मारला, तर ज्याचा मारला त्यानं माफ केल्याशिवाय अल्लाहही माफ करत नाही. म्हणून तर तो दारात आला होता.

तू असतास तर दारातच त्याला मिठी मारली असतीस. आत बोलावून चहा पाजला असतास, परत सोडायला गाडीपर्यंत गेला असतास आणि रात्री यावरून आपलं भांडण झालं असतं. तू म्हणाला असतास, माणूस चुकतो. मी म्हणाले असते, चुकणारा माणूस फोन चालू ठेवतो. ते भांडण आता कधी पुरं होणार नाही, म्हणून माझी बाजू इथं सांगून ठेवते.

हिशेबाच्या दिवशी तो तुझ्यासमोर येईल. तुझ्या वाटणीचं तुझ्याकडे आहे. तू त्याला माफ करशील, मला त्यात शंका नाही, आणि मी तुला अडवणार नाही. पण तुझ्यानंतर तो माझ्याकडेही येईल. तेव्हा तू माझ्या दंडाला हात लावू नकोस.

तुझी,
नसरीन